इमान त्याचे, खाते कुणाचे?

डहाणूहून बोर्डीकडे जाणारा किनाऱ्यालगतचा रस्ता नरपड मागे टाकून चिखल्यात शिरतो, तेथे डाव्या हाताला सुरूची झाडे आणि त्यापलीकडे समुद्र, तर उजव्या हाताला चिकूच्या वाड्या लागतात. नोकरीच्या निमित्ताने या भागात मी काही वर्षे काढली आणि निवृत्तीनंतरही वर्षातून दोन-तीनदा तिकडे पाय वळतातच. गेल्या काही खेपांत या रस्त्याच्या कडेला मी एक कुत्रा पाहतो आहे. फिकट पिवळ्या रंगाचा, लॅब्रॅडोर जातीचा. गळ्यात पट्टा नाही, पण पट्ट्याच्या जागचे केस झिजलेले आहेत. लाल, काळ्या, निळ्या मोटारी जातात तेव्हा तो मान वर करीत नाही. पांढरी मोटार दिसली की मात्र उठतो, शेपूट हलवत तिच्यामागे शंभर-दीडशे पावले धावतो, मग थांबतो आणि परत आपल्या जागी येऊन बसतो.

गावात त्याला 'मुंबईवाला' म्हणतात. समोर चहाची टपरी चालवणाऱ्या बाईंनी त्याची हकीकत सांगितली. दिवाळीच्या सुट्टीत पांढऱ्या गाडीतून एक कुटुंब आले होते. मुले दिवसभर या कुत्र्याबरोबर पाण्यात खेळली. संध्याकाळी गाडी गेली आणि कुत्रा राहिला. दोन दिवस तो रस्त्यावरून हलला नाही, पाणीसुद्धा प्याला नाही.

"घाईत विसरले असतील," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे जरा दयेनेच पाहिले. म्हणाल्या, "काका, विसरनारा मानूस गळ्यातला पट्टा काढून घेऊन जातो काय?"

जपानमधल्या हाचिको नावाच्या कुत्र्याची गोष्ट अनेक वाचकांना ठाऊक असेल. त्याचे मालक प्राध्यापक उएनो १९२५ साली अचानक वारले. आणि हाचिको १९३५ साली मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा वर्षे, टोकियोच्या शिबुया स्टेशनावर त्यांची वाट पाहायला येत राहिला. त्याच्या हयातीतच तिथे त्याचा पुतळा उभा राहिला. ती गोष्ट ऐकून आपले डोळे पाणावतात. पण हाचिकोचा मालक मरण पावला होता. चिखल्याच्या या कुत्र्याचा मालक बहुधा खुशाल आहे आणि कुठल्याशा सोसायटीच्या लिफ्टमधून वर-खाली करतो आहे. अशा वाट पाहण्याचे पुतळे कुणी उभारत नाही.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा. उपासमार होईल अशा स्थितीत, सबळ कारणाशिवाय, प्राण्याला टाकून देणे हा त्यात गुन्हा मानला आहे आणि पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिला आहे दहा ते पन्नास रुपये. त्या टपरीवर दोन चहा आणि एक बिस्किटाचा पुडा घेतला तर याच्या आसपास पैसे होतात.

पण मला आज दंडाविषयी लिहायचे नाही. एका साध्या शब्दाविषयी लिहायचे आहे. ज्या संध्याकाळी ती पांढरी गाडी निघून गेली, त्या संध्याकाळी एका घरातला लाडका, इमानी कुत्रा काही तासांत 'भटका कुत्रा' झाला. त्याच्यात काहीच बदलले नव्हते. बदलले होते ते फक्त खात्यावरचे नाव.

२०२५ साली हा 'भटका' शब्द देशभर गाजला. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दिल्ली आणि आसपासच्या शहरांतील सर्व भटकी कुत्री आठ आठवड्यांत उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. लहान मुलांना चावे घेतल्याच्या आणि रेबीजच्या बातम्या त्यामागे होत्या. देशात गदारोळ झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने त्या आदेशात बदल केला : कुत्र्यांची नसबंदी करावी, त्यांना लस टोचावी आणि जिथून उचलले तिथेच परत सोडावे, पिसाळलेली किंवा आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत, आणि खाऊ घालायचे तर ठरवून दिलेल्या जागीच घालावे. प्रकरणाची व्याप्तीही देशभर वाढवण्यात आली. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातून कुत्री हटवून तेथे परत न सोडण्याचा आदेश झाला.

या काळात घरोघरी दोन तट पडलेले मी पाहिले. एक तट म्हणे, रस्ते माणसांसाठी आहेत. ज्यांच्या मुलाला चावा बसतो त्यांना विचारा. दुसरा म्हणे, या मुक्या जिवांनी जायचे कुठे? दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि म्हणूनच वाद मिटत नव्हता. मात्र दोन्ही तटांनी एक गोष्ट धरून चालवली होती, की कुत्रे दोनच प्रकारचे असतात : घरात पट्ट्याला बांधलेले पाळीव आणि रस्त्यावरचे बेवारशी. चिखल्यासारख्या गावात चार दिवस राहिलेल्या माणसाला ही विभागणी पटणार नाही. तिथला कुत्रा बहुधा या दोहोंत बसत नाही. तो मला पहिल्यांदा समजला तो बँकेच्या कामामुळे.

गोष्ट १९९१ सालची. पालघर जिल्हा तेव्हा झालेला नव्हता. डहाणू ठाणे जिल्ह्यात होते. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली बँका आदिवासी कुटुंबांना बैल, शेळ्या, म्हशी घेण्यासाठी कर्ज देत. घेतलेले जनावर खरोखरच दारात आहे की नाही, हे पाहायला अधिकाऱ्याने जायचे असे. जनावराचा विमा असे आणि त्याच्या कानात क्रमांकाचा बिल्ला असे. जनावर मेले तर तो बिल्ला हजर केल्याशिवाय विम्याचे पैसे मिळत नसत. मी मोटारसायकल काढून पाड्यापाड्यांवर हिंडे आणि कानांतले क्रमांक माझ्या वहीत टिपून घेई.

चिखल्याच्या एका चिकूवाडीत राखणीला असलेले एक वारली कुटुंब आमचे कर्जदार होते. आजा, आजी, मुलगा, सून आणि सहा वर्षांचा नातू. कुडाच्या भिंतींचे घर. अंगणात चार शेळ्या, काही कोंबड्या आणि काळू. काळू रात्री आजाबरोबर वाडीची राखण करी, आणि सकाळी पोराबरोबर शाळेत जाई. पोर आत असेपर्यंत शाळेच्या दाराबाहेर बसे आणि शाळा सुटली की त्याच्या पुढे-पुढे घरी येई. मी सहज विचारले, "कुत्रा तुमचा का?"

आजा म्हणाला, "आमचा नाय, साहेब. पाड्याचा हाय. पन जेवतो आमचेकडं."

माझ्या तपासणीच्या छापील तक्त्यात बैल, गाय, म्हैस, शेळी, कोंबडी अशी रकान्यांची रांग होती. कुत्र्याला रकाना नव्हता, आणि ते साहजिकच होते. तारण म्हणून त्याची किंमत शून्य. त्या घरातला सर्वांत कष्टाळू प्राणी माझ्या कागदावर नव्हता, याची तेव्हा मला गंमत वाटली होती. आज वाटत नाही.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता एका रात्री वाडीत कोल्हा शिरला. काळूने त्याला हाकलले, पण झटापटीत त्याला चावे बसले. त्याच्या शौर्याचे पाड्यावर कौतुक झाले. तीन-चार आठवड्यांनी काळू गप्प राहू लागला. भाकरीला तोंड लावेना, घरामागे अंधारात जाऊन बसू लागला. पोराला वाटले, त्याला तहान लागली असेल. ते वाटीत पाणी घेऊन गेले आणि काळूने त्याच्या मनगटाला दात लावले.

दुसऱ्याच दिवशी मी तपासणीला गेलो होतो. पोराच्या हाताला हळद लावून फडके गुंडाळलेले मी पाहिले. काय झाले म्हणून विचारले. आजी हसून म्हणाली, "आपलाच काळू तो. जरा दात लागला." मी शेळ्यांच्या कानांतले क्रमांक तपासले, आजाचा अंगठा घेतला आणि निघालो. चार दिवसांनी काळू किनाऱ्यावरच्या वाळूत मरून पडलेला सापडला. दीड महिन्याने ते पोर गेले. शेवटच्या दोन दिवसांत पाण्याचा पेला जवळ आणला तरी त्याच्या घशाला आचके येत होते, असे मला पुढल्या खेपेला आजाने सांगितले. काळूबद्दल तो वाईट एक शब्द बोलला नाही.

मी शिकलेला होतो. कुत्रे आजारी असून चावले तर काय करायचे, हे मला ठाऊक होते. तरी मी बोललो नाही, कारण 'आपलाच' या शब्दाने माझेही समाधान झाले. अर्थात मी बोललो असतो तर ते गेले असते का, हेही सांगता येत नाही. त्या काळी सरकारी दवाखान्यांत मिळणारी लस म्हणजे पोटात रोज एक अशी सुमारे चौदा इंजेक्शने. चौदा दिवस घरातल्या एका माणसाने मजुरी बुडवून पोराला घेऊन तालुक्याला जायचे. हे गणित त्या घराला परवडणारे नव्हते. पण ते गणित त्यांनी मांडायचे की नाही ठरवायचे होते, आणि ते मांडण्यासाठी लागणारी माहिती माझ्याजवळ होती. ती मी दिली नाही. तीस वर्षांहून अधिक काळ हा हिशेब माझ्याकडे थकीत पडलेला आहे.

या घटनेचा मी पुष्कळदा विचार केला. अनोळखी कुत्रे चावले की माणूस धास्तावतो आणि दवाखान्यात धावतो. आपल्या कुत्र्याचा दात लागला की हळद लावतो. म्हणजे ज्या मायेबद्दल आपण इतके गहिवरून बोलतो, तीच आपल्याला गाफील ठेवते. रेबीजच्या विषाणूला इमानी आणि बेइमान हा भेद कळत नाही. तो चाव्याच्या जखमेतून शिरतो, मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला त्याला सहसा एक ते तीन महिने लागतात, आणि एवढाच अवधी आपल्या हाती असतो. लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळपास अशक्य. मात्र त्या अवधीत जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुतली आणि लस वेळेवर घेतली, तर मृत्यू जवळजवळ हमखास टळतो. जखम खोल असेल तर लशीबरोबर जखमेत आणखी एक औषध, इम्युनोग्लोब्युलिन, टोचावे लागते. पोटातली ती इंजेक्शने २००५ च्या सुमारास इतिहासजमा झाली. आता दंडावर चार-पाच वेळा टोचून घ्यायचे आणि सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत दिली जाते.

आणि तरीही आकडे पाहावेत. २०२४ या एका वर्षात देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या, असे केंद्र सरकारने संसदेत सांगितले. त्यांतल्या पावणेपाच लाखांहून अधिक महाराष्ट्रातल्या होत्या. रेबीजच्या संशयित मृत्यूंची त्या वर्षाची सरकारी नोंद अवघी ५४ आहे. उलट भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संशोधकांनी घरोघर पाहणी करून २०२४ साली प्रसिद्ध केलेला अंदाज वर्षाला सुमारे ५,७०० मृत्यूंचा आहे. ५४ आणि ५,७०० यांच्या मधल्या फरकात चिखल्याच्या त्या पोरासारखी मुले आहेत. ती घरी मरतात, आणि त्यांचीही कुठल्या तक्त्यात नोंद होत नाही.

२०१९ च्या पशुगणनेत देशातली रस्त्यावरची कुत्री मोजली गेली : सुमारे १ कोटी ५३ लाख. महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या घरात. म्हणजे मोजणी झाली आहे. प्रश्न मोजणीनंतरचा आहे. २००१ साली सरकारने नसबंदीचे नियम केले, २०२३ साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. या नव्या नियमांनी 'भटका' या शब्दाऐवजी समाजाचा, वस्तीचा प्राणी अशा अर्थाचा शब्द स्वीकारला, आणि नसबंदी-लसीकरणाची जबाबदारी महापालिकांपासून पंचायतींपर्यंत सर्व स्थानिक संस्थांवर टाकली. आजाने १९९१ साली जे सांगितले होते, ते दिल्लीच्या राजपत्राला कळायला बत्तीस वर्षे लागली. शब्द बरोबर आला. पण बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला अशा सामाईक मालकीची धास्ती वाटते. सामाईक खात्यातून पैसे काढायला सगळे येतात आणि हप्ता थकला की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. पाड्याचा कुत्रा राखण सगळ्यांची करतो. त्याच्या लशीचा दिवस कुणाच्याच कॅलेंडरवर नसतो.

मराठी माणसाला कुत्र्याच्या इमानाचे कौतुक नाही असे कुणी म्हणणार नाही. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात, खंडोबाबरोबर कुत्रा असतो. आपल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला धर्मराजाने नकार दिला, ही गोष्ट आपण नातवंडांना सांगतो. साताऱ्याच्या शाहू महाराजांचा खंड्या नावाचा कुत्रा होता. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला, म्हणून महाराजांनी त्याला जहागिरीची सनद दिली आणि पालखीचा मान दिला, असे ग्रँट डफने लिहून ठेवले आहे. त्याची समाधी संगम माहुलीला कृष्णाकाठी आहे. रायगडावरच्या वाघ्याच्या पुतळ्यावरून तर २०१२ साली आणि पुन्हा २०२५ साली केवढे वादळ उठले! त्याला इतिहासाचा आधार आहे की नाही, यावर दोन्ही बाजूंनी हिरिरीने लिहिले गेले. तो वाद इतिहासकारांनी सोडवावा. मला एवढेच जाणवले, की दगडाच्या कुत्र्यासाठी जेवढी शाई आपण खर्च केली, तिचा दहावा हिस्साही पायाशी झोपलेल्या कुत्र्याच्या लशीसाठी खर्च केलेली नाही. आणि आपल्याच भाषेत 'कुत्र्याची मौत' हाही शब्दप्रयोग आहे, हे विसरून चालणार नाही.

ज्या कुत्र्यांना खरोखर मानाने जगता-मरता आले, त्यांच्याकडे पाहावे. १९९३ च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांनंतर पोलिसांच्या 'जंजीर'ने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुडकून काढले. २००० साली तो गेला तेव्हा त्याला सरकारी इतमामाने निरोप देण्यात आला. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात कामगिरी बजावणारे मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर निवृत्तीनंतर आपल्याच पालघर जिल्ह्यात, विरारच्या एका फार्मवर, एकत्र राहिले आणि २०१६ साली एकामागून एक गेले. या सगळ्यांच्या इमानाबद्दल शंका नाही. पण त्यांच्या वाट्याला आलेले आयुष्य नुसत्या कौतुकाने आलेले नाही. प्रत्येकाच्या नावे एक हँडलर होता, खुराकाचा खर्च मंजूर होता, लशींची नोंद होती. खंड्यालासुद्धा महाराजांनी नुसते थोपटले नाही, सनद लिहून दिली. माया कागदावर उतरली तेव्हाच ती टिकली.

मग करायचे काय? उचलून कोंडावे, की मारावे? दुसरा उपाय मुंबईने फार पूर्वी करून पाहिला आहे. कंपनी सरकारच्या काळात उन्हाळ्यात बेवारशी कुत्री मारली जात. १८३२ साली ही मुदत वाढवून दर कुत्र्यामागे इनाम लावले गेले, तेव्हा मारेकरी दारातली, घरातली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे. मृताच्या अंत्यविधीतही कुत्र्याची नजर पडावी लागते. जूनमध्ये पारशी मंडळी रस्त्यावर आली, दंगल झाली, बाजार बंद पडले. डहाणू-घोलवडच्या चिकूवाड्या ज्या पारशी-इराणी बागायतदारांनी वाढवल्या, त्यांच्या वाड्यांवर कुत्र्यांना आजही जी जागा आहे, तिची मुळे अशी जुनी आहेत.

त्या १८३२ च्या प्रकारातली एक गोष्ट मला आजच्या वादातही लागू वाटते. डोक्यामागे इनाम लागले की आधी सापडतो तो माणसाळलेला कुत्रा. जो खरा रानटी आणि आक्रमक असतो तो पकडणाऱ्यांची गाडी पाहून पळून जातो. जो माणसावर विश्वास ठेवतो तो हाक मारली की जवळ येतो. सरसकट धरपकडीत इमान हेच कुत्र्याचे वैरी ठरते. आणि त्याची जागा रिकामी राहत नाही. जिथे उकिरडा आहे तिथे दुसरे कुत्रे येते, बहुधा लस न टोचलेले.

आता हीच गोष्ट उलट बाजूने पाहा. पंचायतीची गाडी पाहून पळणारा कुत्रा टपरीवाल्या बाईंच्या मांडीवर मात्र मान टाकतो. त्याला लस टोचायची तर त्याला धरणारा हात त्यांचाच हवा. म्हणजे माणूस आणि कुत्रा यांच्यामधला हा विश्वास नुसती भावनेची बाब नाही. साथ रोखण्याचे ते सर्वांत स्वस्त साधन आहे. शेजारच्या गोव्याने हे करून दाखवले. तिथे २०१४ नंतरच्या वर्षांत सरकार आणि एक स्वयंसेवी संस्था यांनी गावोगाव पथके पाठवली, घरचे आणि रस्त्यावरचे असा भेद न करता कुत्र्यांना दरवर्षी लस टोचली, प्रत्येकाची नोंद मोबाइलवर केली आणि शाळाशाळांतून मुलांना धडे दिले. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोव्याने ते प्रमाण गाठले. २०२१ साली मुख्यमंत्र्यांनी सांगितले, की तीन वर्षांत राज्यात रेबीजने एकही माणूस दगावलेला नाही. त्याच वर्षी गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. केंद्रानेही २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवण्याचा आराखडा २०२१ साली जाहीर केला आहे.

गोवा लहान आहे आणि महाराष्ट्र अवाढव्य, हे मला मान्य. पण महाराष्ट्रही शेवटी गावांचाच बनलेला आहे आणि एका गावातली कुत्री मोजायला एक रविवार पुरतो. तिथे प्रत्येक कुत्र्यापुढे एक नाव लिहायचे. मालकाचे नव्हे, कारण मालक नसेलच, जामीनदाराचे. कर्जात जामीनदार कर्ज घेत नाही, पण कर्जदार चुकला तर पहिला दरवाजा त्याचा ठोठावला जातो. लशीच्या दिवशी कुत्र्याला धरणारा, तो गप्प राहू लागला किंवा खायचा थांबला तर कळवणारा, कुणाला चावला तर त्या माणसाला दवाखान्यात पाठवणारा असा एक माणूस. लस आणि नसबंदी यांचा खर्च पंचायतीचा, म्हणजे शेवटी आपल्या सर्वांचा. शहरांतल्या सोसायट्यांमध्येही रस्त्यावरच्या कुत्र्यांना बिस्किटे घालणाऱ्यांनी आणि त्यांच्यावर रागावणाऱ्यांनी याच वहीवर एकत्र बसावे. खाऊ घालणाऱ्याचे नाव वहीत आले तर दुसऱ्याचा निम्मा राग शमेल. आणि चाव्याची भीती ज्याला आहे त्याला निदान हे कळेल, की दारातल्या कुत्र्याला लस टोचलेली आहे.

अशी वही झाली म्हणून कुत्रे चावायचे थांबणार नाही. काही कुत्री खरोखरच धोकादायक असतात. त्यांना वस्तीत ठेवू नये, हे न्यायालयाचे म्हणणे रास्त आहे. ज्या आईच्या मुलाच्या गालाला टाके पडले, तिला भूतदयेचे व्याख्यान देण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण त्या आईलाही शेवटी हवे असते ते हेच, की विचारायला कुणीतरी असावे.

मागच्या खेपेला चिखल्याला गेलो तेव्हा 'मुंबईवाला' आपल्या जागी होता. त्याच्या एका कानाच्या टोकाला बारीक खाच दिसली. नसबंदी झालेल्या कुत्र्याची ही खूण. तेव्हाच लसही टोचतात. मला एकदम माझ्या शेळ्यांच्या कानांतले बिल्ले आठवले. टपरीवर बसून बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, डॉक्टर आले होते. कार्डावर लिहायला नाव मागत होते. चार माणसे उभी होती, सगळी एकमेकांकडे बघत राहिली.

"मग?"

"मग काय, मी म्हटला, लिवा माझा."

त्यांनी डब्यातून रेशनकार्ड काढले. त्याच्या आत ते लशीचे कार्ड घडी करून ठेवलेले होते. मी ते हातात घेऊन नीट वाचले, जुनी सवय. कुत्र्याचे नाव, लशीची तारीख, पुढल्या वर्षी परत टोचायची तारीख, आणि खाली त्यांचे नाव. मी त्यांना विचारले, "एवढी कटकट कशाला घेतलीत?" त्या चहा गाळीत होत्या. म्हणाल्या, "आमच्या पाड्यात एक पोर गेला होता, फार वर्सांमागं. सासू सांगायची."

मी काही बोललो नाही. चहाचे पैसे दिले. तेवढ्यात रस्त्यावरून एक पांढरी मोटार गेली. 'मुंबईवाला' उठला, तिच्यामागे धावला, नेहमीच्या ठिकाणी थांबला. मग परत आला आणि बाईंच्या पायाशी जाऊन बसला.